राज्य गेले, आडनाव उरले: जर्मनीतील माजी राजघराण्यांचे वंशज आज कसे जगतात?

शोधयात्री (प्रश्न):

जर्मनीतील राजेशाही १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये संपली, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यामुळे परवा एका लेखात नव्वदी ओलांडलेल्या एका गृहस्थांच्या छायाचित्राखाली 'फ्रान्झ, बव्हेरियाचे ड्यूक' असे छापलेले पाहून मी थबकलो. गृहस्थ साध्या करड्या सुटात होते, मागच्या भिंतीवर आधुनिक चित्रकला होती आणि मजकुरात ते म्युनिकच्या न्यूम्फेनबुर्ग राजवाड्यात राहतात असे म्हटले होते. प्रजासत्ताकाला शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावर एखादा माणूस 'ड्यूक' कसा असू शकतो, आणि असलाच तर सरकारी मालकीच्या राजवाड्यात तो कोणत्या अधिकाराने राहतो, याचा उलगडा त्या लेखातून झाला नाही.

माझ्या शंका अशा आहेत. हा किताब कायदेशीर आहे की निव्वळ सौजन्याने उच्चारला जातो? या घराण्यांचा चरितार्थ कशावर चालतो? ज्याच्या पणजोबांनी राज्य केले, त्या माणसाने आयुष्यभर करायचे तरी काय? ब्रिटनमध्ये राजा आहे, त्यामुळे तिथल्या उमरावांचे स्थान समजते. परंतु राजाच नसलेल्या देशातल्या राजपुत्राचे आयुष्य माझ्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. नुसती वंशावळ नको.

दप्तरदार:

आपल्या पहिल्या शंकेपुरते मी लिहू शकेन, कारण जर्मन कागदपत्रांचा अनुवाद हा माझा रोजचा व्यवसाय आहे आणि याच मुद्द्यावर मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे.

ऑगस्ट १९१९ मध्ये लागू झालेल्या वायमार संविधानाच्या, म्हणजे नव्या प्रजासत्ताकाच्या संविधानाच्या, कलम १०९ ने जन्माधिष्ठित सर्व विशेषाधिकार रद्द केले. मात्र किताबांच्या बाबतीत संविधानकर्त्यांनी एक मध्यममार्ग काढला: यापुढे नवे किताब दिले जाणार नाहीत आणि जुने किताब हे नावाचाच एक भाग मानले जातील. म्हणजे 'प्रिन्त्स' (राजपुत्र), 'हेर्त्सोग' (ड्यूक), 'ग्राफ' (काउंट) ही पदे उरली नाहीत, ती आडनावात विरघळली. शेजारच्या ऑस्ट्रियाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये किताबच नव्हे, तर नावातला 'फॉन' (म्हणजे 'अमक्या ठिकाणचा') हा शब्दसुद्धा कायद्याने काढून टाकला, त्या मानाने जर्मनीचा तोडगा फारच मवाळ होता. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या मूलभूत कायद्यानेही (हेच जर्मनीचे आजचे संविधान) तो मोडीत काढला नाही आणि कलम १०९ मधील ही तरतूद साधा कायदा म्हणून आजही लागू आहे.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महिलेच्या जन्मदाखल्याचा अनुवाद माझ्याकडे आला. आडनावाच्या रकान्यात 'प्रिन्त्सेसिन फॉन' आणि पुढे घराण्याचे नाव होते. मी 'प्रिन्त्सेसिन' हा मानाचा किताब समजून तो आडनावातून गाळला आणि मोठ्या आत्मविश्वासाने कंसात तशी टीपही दिली. तो अनुवाद आठवडाभरात परत आला. कारण आडनावातला एक शब्द मी स्वतःच्या मर्जीने वगळला होता, आणि पारपत्रावरचे नाव माझ्या अनुवादाशी जुळत नव्हते. त्याच महिलेच्या भावाचे आडनाव 'प्रिन्त्स फॉन' असे होते, हे पाहून मी आणखी गोंधळलो, कारण एकाच घरातल्या दोन भावंडांची आडनावे वेगळी कशी, हे मला कळेना. शोध घेतल्यावर समजले की १९२६ साली तत्कालीन सर्वोच्च न्यायालयाने अशा आडनावांना स्त्री-पुरुषांनुसार वेगवेगळे रूप घेण्याची मुभा दिली होती.

आडनाव म्हटले की ते दत्तक जाऊनही मिळते, ही या तोडग्याची गमतीची बाजू. हान्स रोबर्ट लिख्टनबेर्ग नावाचे गृहस्थ १९८० साली आन्हाल्ट घराण्याच्या एका वृद्ध राजकन्येला दत्तक गेले, फ्रेडरिक प्रिन्त्स फॉन आन्हाल्ट झाले आणि १९८६ मध्ये झा झा गाबोर या अभिनेत्रीशी विवाह करून जगप्रसिद्धही झाले. जुन्या घराण्यांना हा प्रकार अजिबात रुचत नाही, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यांचे 'प्रिन्त्स' आणि शंभर पिढ्यांचे 'प्रिन्त्स' यांत फरक नाही.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की नाव कायदेशीर आहे, किताब नाही. कोणी 'आपली राजमान्यता' म्हणून संबोधले तर तो केवळ बोलणाऱ्याचा शिष्टाचार असतो.

इझारकाठ:

दप्तरदारांनी नावाचा प्रश्न निकालात काढलाच आहे. मी बरीच वर्षे म्युनिकमध्ये राहतो, त्यामुळे फ्रान्झ यांच्याविषयी आणि त्या राजवाड्याविषयी लिहितो.

न्यूम्फेनबुर्गला गेलात तर प्रथम लांबलचक कालवा दिसतो, त्याच्या टोकाला मधली मुख्य इमारत आणि दोन्ही बाजूंना पंखांसारख्या पसरलेल्या इमारती. मधल्या भागात तिकीट काढून जाता येते. पहिल्या लुडविग राजाने चितारून घेतलेली ३६ सुंदर स्त्रियांची चित्रे तिथे आहेत, आणि ज्या खोलीत १८४५ साली दुसऱ्या लुडविगचा जन्म झाला तीही दाखवतात. बाजूच्या भागातले काही दरवाजे मात्र पर्यटकांसाठी नसतात. पाहुण्यांना घेऊन मी तिथे अनेकदा गेलो आहे, आणि दर वेळी कोणी ना कोणी विचारतेच की या दारामागे काय आहे. राजवाडा बव्हेरिया राज्याचा आहे. त्यातल्या एका भागात राहण्याचा हक्क विटल्सबाख घराण्याकडे आहे आणि फ्रान्झ तिथे राहतात.

हा हक्क कुठून आला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. विटल्सबाख घराण्याने बव्हेरियावर ११८० पासून १९१८ पर्यंत राज्य केले. ७ नोव्हेंबर १९१८ च्या रात्री म्युनिकमध्ये क्रांती झाली आणि तिसरे लुडविग राजवाडा सोडून निघाले. काही दिवसांनी आनिफ येथे त्यांनी सही केलेल्या निवेदनात अधिकारी व सैनिकांना शपथेतून मुक्त केले होते, परंतु 'मी गादी सोडतो' हे शब्द त्यात नव्हते. नव्या सरकारने ते पदत्याग म्हणूनच वाचले. यानंतर खरा प्रश्न उरला तो मालमत्तेचा, कारण कोणते दालन राज्याचे, कोणते चित्र राजाचे आणि कोणते जंगल कुटुंबाचे, याची वाटणी सातशेहून अधिक वर्षांत कोणीच केली नव्हती.

१९२३ साली राज्य आणि घराणे यांच्यात समझोता झाला. घराण्याने आपल्या दाव्यांवर पाणी सोडले आणि बदल्यात 'विटल्सबाखर आउसग्लाइक्सफोंड्स', म्हणजे भरपाई निधी म्हणता येईल असा एक न्यास उभा राहिला. काही वाडे, जंगले आणि कलासंग्रह या न्यासाकडे आले आणि त्याच्या उत्पन्नातून घराण्याच्या सदस्यांना वाटा मिळतो. जुन्या चित्रांसाठी कला व विज्ञानाचा वेगळा न्यास झाला, त्यामुळे ती चित्रे म्युनिकच्या सार्वजनिक संग्रहालयांतच राहिली. हा समझोता प्रत्यक्ष पाहायचा असेल तर आल्प्सच्या पायथ्याशी होहेनश्वानगाऊ गावात जावे. डोंगरावरचे नॉयश्वानश्टाइन राज्याच्या मालकीचे आहे, तर त्याच्या खाली पिवळ्या भिंतींचा होहेनश्वानगाऊ किल्ला या न्यासाचा. पर्यटक एकाच दिवशी दोन्ही पाहून येतात आणि आपण दोन वेगळ्या मालकांच्या दारात उभे होतो, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

आता फ्रान्झ यांचे आयुष्य. जन्म म्युनिकचा, १४ जुलै १९३३. म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यावर साडेपाच महिन्यांनी. त्यांचे आजोबा युवराज रुप्रेश्त नाझींचे उघड विरोधक होते, आणि १९३३ च्या फेब्रुवारीत त्यांना पुढे करून बव्हेरियात नाझींना रोखण्याचा विचारही झाला होता, तो तडीस गेला नाही. पुढे कुटुंब हंगेरीत राहू लागले. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिथेच गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना पकडले. फ्रान्झ तेव्हा ११ वर्षांचे होते. साक्सनहाउझन, फ्लोसेनबुर्ग, दाखाउ अशा छळछावण्यांतून आईवडील आणि भावंडांसह त्यांना फिरवण्यात आले, आणि एप्रिल १९४५ च्या अखेरीस अमेरिकन सैन्याने त्यांची सुटका केली. आज कोणी त्यांना 'परीकथेतला राजपुत्र' वगैरे म्हणते, तेव्हा मला त्या अकरा वर्षांच्या मुलाची आठवण होते.

सुटकेनंतर एट्टालच्या बेनेडिक्टाइन मठातील शाळा, मग म्युनिक आणि झ्यूरिक येथे व्यवसाय व्यवस्थापनाचे शिक्षण. इथपर्यंत काही विशेष नाही. परंतु पुढे त्यांनी जे केले, ते त्या घराण्यातील कोणाकडून अपेक्षित नव्हते: ते समकालीन कलेकडे वळले. ज्या काळात म्युनिकच्या प्रतिष्ठित मंडळींना बेसलित्झची उलटी चित्रे आणि बॉइसचे मेण-नमदे ही थट्टा वाटत होती, त्या काळात फ्रान्झ या कलाकारांची कामे विकत घेत होते. पोल्के, ब्लिंकी पालेर्मो हेही त्यांत होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या आंतरराष्ट्रीय मंडळातही त्यांनी काम केले. २००२ मध्ये उघडलेल्या पिनाकोथेक देर मोडेर्न या संग्रहालयात त्यांचा संग्रह पाहायला मिळतो. पूर्वजांनी ड्यूरर आणि रुबेन्स जमवले, यांनी स्वतःच्या काळातली कला जमवली, आणि माझ्या मते घराण्याची परंपरा त्यांनी याच मार्गाने सर्वांत प्रामाणिकपणे चालवली.

वडील आल्ब्रेश्त १९९६ साली वारल्यावर ते घराण्याचे प्रमुख झाले आणि 'हेर्त्सोग फॉन बायर्न' हे नाव वापरू लागले. २०१३ मध्ये श्लाइसहाइम राजवाड्यात त्यांचा ८० वा वाढदिवस साजरा झाला, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्रीही हजर होते. राज्याच्या समारंभांत त्यांना मानाने वागवतात, परंतु ते राजकारणावर बोलत नाहीत आणि गादीवर हक्कही सांगत नाहीत. स्टुअर्ट वंशाशी असलेल्या दूरच्या नात्यामुळे काही हौशी मंडळी त्यांना इंग्लंड-स्कॉटलंडचे खरे राजे मानतात. त्या दाव्यालाही त्यांनी कधी खतपाणी घातले नाही.

आणखी एक नोंद आवश्यक आहे. २०२१ मध्ये डच छायाचित्रकार एर्विन ओलाफ यांनी त्यांचे त्यांच्या दीर्घकाळच्या पुरुष जोडीदारासह अधिकृत छायाचित्र काढले. कॅथलिक परंपरेत वाढलेल्या, नव्वदीकडे झुकलेल्या घराणेप्रमुखाने हे केले, आणि तेही कोणतेही निवेदन, मुलाखत वा गाजावाजा न करता, छायाचित्र प्रसिद्ध होऊ देऊन. म्युनिकमध्ये त्याची चर्चा आठवडाभरही टिकली नसावी.

तळटीप:

इझारकाठ यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातून सर्वच माजी राजघराणी अशी समंजस आणि सुसंस्कृत असतात असा समज होऊ नये, म्हणून प्रशियाच्या होहेनझोलर्न घराण्याची बाजू मांडतो. तिथे प्रकरण इतके गोड नाही.

मुळात १९२० च्या दशकात जर्मन जनतेला हे समझोते फारसे पसंत नव्हते. राजघराण्यांची मालमत्ता भरपाईविना जप्त करावी, यासाठी २० जून १९२६ रोजी सार्वमत झाले आणि सुमारे १ कोटी ४५ लाख मते जप्तीच्या बाजूने पडली. ठराव मंजूर होण्यासाठी एकूण मतदारांपैकी निम्म्यांची, म्हणजे सुमारे २ कोटी मते हवी होती. विरोधकांनी विरोधात मत देण्याऐवजी घरीच बसण्याचे आवाहन केले आणि ठराव पडला. जे मतदानाला गेले त्यांच्यात होकाराचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक होते, हे ध्यानात घेतले तर ही घराणी किती थोडक्यात वाचली हे दिसते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रशियाने होहेनझोलर्नांशी करार केला. बहुतेक राजवाडे राज्याकडे गेले, घराण्याला रोख रक्कम व बरीच मिळकत मिळाली आणि पॉट्सडामच्या सेसिलियनहोफ राजवाड्यात युवराजांच्या कुटुंबाला राहण्याचा हक्क मिळाला.

१९४५ नंतर सोव्हिएत क्षेत्रातील मोठ्या जमीनदारांसोबत होहेनझोलर्नांचीही तिथली मिळकत जप्त झाली. एकीकरणानंतर ती जमीन परत देण्यात आली नाही, परंतु १९९४ च्या कायद्याने भरपाई मागण्याची आणि जंगम वस्तू परत मिळवण्याची वाट मोकळी केली, एका अटीवर: ज्याने किंवा ज्याच्या पूर्वजाने नाझी राजवटीला 'लक्षणीय साहाय्य' केले असेल, त्याला काहीही मिळणार नाही. सारा वाद या दोन शब्दांभोवती पेटला. शेवटच्या कैसरचे, म्हणजे होहेनझोलर्न घराण्यातील शेवटच्या जर्मन सम्राटाचे, थोरले चिरंजीव, युवराज विल्हेल्म, यांनी १९३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत आपण हिटलरला मत देणार असल्याचे जाहीर केले होते, आणि हिटलर सत्तेवर आल्यावर नव्या संसदेच्या उद्घाटनानिमित्त झालेल्या २१ मार्च १९३३ च्या पॉट्सडाम समारंभातही ते उपस्थित होते. हे साहाय्य 'लक्षणीय' होते का? यावर इतिहासकारांचे चार अहवाल तयार झाले, दोन घराण्याला अनुकूल आणि दोन प्रतिकूल.

घराण्याचे आजचे प्रमुख ग्योर्ग फ्रीडरिश प्रिन्त्स फॉन प्रॉयसेन यांचा जन्म १९७६ चा, ब्रेमेनचा. लष्करी सरावातील अपघातामुळे वडील वारले तेव्हा ते जेमतेम वर्षाचे होते, आणि १९९४ साली आजोबा गेल्यावर अठराव्या वर्षीच घराण्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. सरकारशी चाललेल्या बंद दाराआडच्या वाटाघाटींचा तपशील २०१९ मध्ये बाहेर फुटला. त्यात सेसिलियनहोफमध्ये पुन्हा राहण्याच्या हक्काचीही मागणी असल्याचे कळले आणि जनमत खवळले. भर म्हणून घराण्याच्या वकिलांनी इतिहासकार आणि पत्रकार यांच्यावर खटल्यांचा सपाटा लावला. माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी चूक होती, कारण त्यामुळे जे लोक विषयाकडे ढुंकूनही पाहत नव्हते तेही युवराज विल्हेल्मांचा इतिहास वाचू लागले. अखेर मार्च २०२३ मध्ये त्यांनी भरपाईचे दावे मागे घेतले आणि २०२५ मध्ये कलावस्तूंबाबत सरकारशी तडजोड झाली. त्या वस्तूंचा बराच भाग सार्वजनिक संग्रहालयांतच राहणार आहे.

तेव्हा विटल्सबाख १९२३ मध्येच हिशोब मिटवून मोकळे झाले, आणि त्यांचे राज्य सोव्हिएत क्षेत्रात नव्हते. फ्रान्झ यांचा सुसंस्कृतपणा मी नाकारत नाही, पण तो भूगोलानेही सोपा केला आहे, एवढेच माझे म्हणणे.

इझारकाठ:

तळटीप, भूगोलाचा मुद्दा मान्य. परंतु फ्रान्झ यांच्या कुटुंबाच्या वाट्याला छळछावणी आली आणि विल्हेल्मांच्या वाट्याला पॉट्सडामच्या समारंभातली जागा, हा फरक भूगोलाचा नव्हता.

शोधयात्री:

सर्वांचे मनःपूर्वक आभार; एका प्रश्नाच्या पोटात इतके प्रश्न असतील असे वाटले नव्हते. एक शेवटची शंका. फ्रान्झ यांना मूलबाळ नाही, तर त्यांच्यानंतर कोण? आणि ही घराणी अजूनही समकुलीन विवाहाचा आग्रह धरतात का? राज्यच नाही तर वारसाहक्काचे नियम कोण लावतो?

दप्तरदार:

नियम घराणेच लावते, आणि जिथे मालमत्ता गुंतलेली असते तिथे न्यायालय.

होहेनझोलर्नांचेच उदाहरण घ्या. १९३८ च्या वारसाकरारात अशी अट होती की असमान कुळात विवाह करणारा वारस बाद होईल. ग्योर्ग फ्रीडरिश यांच्या आजोबांच्या थोरल्या दोन्ही मुलांनी तसे विवाह केले, ते बाजूला पडले आणि वारसा नातवाकडे, म्हणजे ग्योर्ग फ्रीडरिश यांच्याकडे गेला. काकांनी न्यायालय गाठले. १९९८ मध्ये संघीय न्यायालयाने अट वैध ठरवली; २००४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, कारण एवढ्या मोठ्या वारशाचे आमिष दाखवून कोणाशी लग्न करावे यावर दबाव आणणे विवाहस्वातंत्र्याला बाधक ठरू शकते. प्रकरण खाली परत गेले आणि शेवटी पुतण्या हाच वारस ठरला, काकांना कायद्याने किमान मिळणारा हिस्सा मिळाला. त्या पुतण्याने २०११ साली पॉट्सडाममध्ये लग्न केले, ते इझेनबुर्ग घराण्याच्या राजकन्येशी. अट न्यायालयात डळमळली, पण मांडवात ती आपोआप पाळली गेली.

इझारकाठ:

बव्हेरियाचे सांगतो. फ्रान्झ यांच्यानंतर त्यांचे धाकटे बंधू माक्स, जन्म १९३७. ते 'हेर्त्सोग इन बायर्न' आहेत, 'फॉन' नव्हे. घराण्याच्या धाकट्या शाखेतील, त्यांच्या वडिलांच्या निपुत्रिक मामांनी १९६५ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्या शाखेचे नाव व टेगर्नझेच्या परिसरातील मिळकत, तिथल्या बिअरभट्टीसह, त्यांच्याकडे आली. दप्तरदारांच्या अनुवादात 'फॉन' आणि 'इन' यांची अदलाबदल झाली, तर तो कागदही परत येईल.

माक्स यांना पाचही मुली आहेत आणि घराण्याचा नियम पुरुषवारसाचा आहे. थोरली सोफी १९९३ साली लिख्टनश्टाइनचे युवराज आलोइस यांची पत्नी झाली, म्हणजे ज्या देशात राजा अजून राज्य करतो तिथे ती गेली. तिच्या वडिलांनंतर बव्हेरियाच्या घराण्याचे प्रमुखपद मात्र चुलत शाखेतील लुइटपोल्ड यांच्याकडे जाईल. तेही बिअर बनवतात. काल्टेनबेर्गच्या किल्ल्यातल्या त्यांच्या भट्टीची 'क्योनिग लुडविग' म्युनिकच्या कोणत्याही दुकानात मिळते, आणि बाटलीवरचे नाव पणजोबांच्या घराण्याचे असले तरी ग्राहक ती चवीसाठीच घेतो.